‘गेस’ म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातून इंग्रजी शिकणाऱ्यांचे जे प्रश्न सतत येतात, त्यांत ‘गेस’ या पाच अक्षरी इंग्रजी शब्दाचा नंबर बराच वर आहे. शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण वापरताना गाडी अडते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तर दुसऱ्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘गेस’ म्हणजे अंदाज, एवढं पाठ केलं तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, पुढे अडेल. मराठीतला ‘अंदाज’ फार ऐसपैस आहे. हवामानाचा अंदाज, पिकाचा अंदाज, बांधकामाचं अंदाजपत्रक, ‘मला आधीच अंदाज आला होता’, या सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत हवामानाला ‘फोरकास्ट’, बांधकामाच्या खर्चाला ‘एस्टिमेट’ आणि पुरेशी माहिती हातात नसताना दिलेल्या उत्तराला ‘गेस’. हवामान खात्याच्या अंदाजाला ‘वेदर गेस’ म्हणणं म्हणजे त्यांनी काही न मोजताच सांगितलं असं म्हणणं.

क्रियापद म्हणून ‘गेस’ला सगळ्यात जवळचा मराठी शब्द ‘ओळखणे’ हा आहे, आणि इथेच बरेच जण फसतात. ‘ओळखणे’ म्हणजे ‘रेकग्नाइझ’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ‘ओळखलंस का मला?’ इथे ‘रेकग्नाइझ’ बरोबर आहे. पण ‘ओळख बघू, माझ्या मुठीत काय आहे?’ इथे ‘गेस’च हवा: ‘गेस व्हॉट आय हॅव इन माय हँड’. समोरची गोष्ट पूर्वी पाहिलेली असेल तर ‘रेकग्नाइझ’, दिसतच नसेल तर ‘गेस’. नाम म्हणून वापरताना मात्र अटकळ, कयास, तर्क हे शब्द जवळचे पडतात.

२. उच्चार ‘गेस’ की ‘गॅस’? आणि स्पेलिंगमध्ये ‘यू’ कशाला आहे?

‘गेस’, आणि तोही आखूड ‘ए’ने, ओढून नाही. ‘गॅस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शेगडीचा गॅस ऐकू येतो. स्पेलिंगमधल्या ‘यू’चा उच्चार होत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘यू’शिवायच लिहीत. पुढे ‘जी’चा उच्चार ‘ग’ राहावा, ‘ज’ होऊ नये म्हणून मध्ये ‘यू’ आला. पाहुण्याच्या ‘गेस्ट’मध्येही तो असाच आहे.

भूतकाळी रूप ऐकायला ‘गेस्ट’ असंच येतं, म्हणजे पाहुणा आणि ‘ओळखलं’ या दोन शब्दांत कानाला काहीच फरक कळत नाही, फक्त स्पेलिंग वेगळं. ‘गेसेड’ हा उच्चार चूक. अनेकवचनाचा उच्चार ‘गेसिझ’.

३. आम्ही ‘गेस मारला’ म्हणतो. हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

‘मारणे’ इंग्रजीत न्यायचं नाही. ‘आय हिट अ गेस’ कुणी म्हणत नाही. ‘मेक अ गेस’ सगळीकडे चालतं. ‘टेक अ गेस’ अमेरिकेत जास्त, ‘हॅव अ गेस’ ब्रिटनमध्ये जास्त. जरा अदबीनं, जोखीम घेऊन सांगतोय असं दाखवायचं असेल तर ‘हॅझर्ड अ गेस’.

‘अ’ विसरू नका. ‘आय मेड गेस’ हे वाक्य आपल्याकडे वहीत हमखास सापडतं, कारण मराठीत ‘एक’ म्हणायची गरज पडत नाही. इंग्रजीत हे नाम मोजता येतं: ‘वन गेस’, ‘थ्री गेसिझ’. मोजता न येणारं रूप हवं असेल तर ‘गेसवर्क’, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. त्याला ‘अ’ लागत नाही.

आगेमागे लागणारे शब्दही पाहून ठेवा. ‘वाइल्ड गेस’ म्हणजे निव्वळ तुक्का. ‘लकी गेस’ म्हणजे लागलेला तुक्का. ‘एज्युकेटेड गेस’ म्हणजे अनुभव आणि थोडी माहिती यांच्या आधारावर बांधलेला तर्क, त्याचा शिक्षणाच्या पदवीशी संबंध नाही. ‘बेस्ट गेस’ म्हणजे आत्ता हातात जेवढं आहे त्यावरून देता येईल ते सगळ्यात बरं उत्तर.

४. ‘गेस हाउ मच डिड इट कॉस्ट’ यात चूक काय आहे?

चूक शब्दांच्या क्रमात आहे. स्वतंत्र प्रश्न विचारताना ‘हाउ मच डिड इट कॉस्ट?’ बरोबर. पण तो ‘गेस’च्या पोटात गेला की प्रश्न राहत नाही, साधं विधान होतं आणि ‘डिड’ निघून जातो: ‘गेस हाउ मच इट कॉस्ट’. तसंच ‘कॅन यू गेस व्हेअर ही इज?’ म्हणायचं, ‘व्हेअर इज ही’ नाही.

ही चूक हाडीमाशी खिळलेली असते, कारण मराठीत ‘तो कुठे आहे’ हा क्रम दोन्ही ठिकाणी तसाच राहतो. सुधारण्याचा उपाय सोपा आहे. ‘गेस’नंतर प्रश्नार्थक शब्द, मग कर्ता, मग क्रियापद, या क्रमाने रोज पाच वाक्यं मोठ्याने म्हणा. विषय घरातलेच घ्या: भाजी कितीला पडली, एसटी किती वाजता सुटली, दारात कोण आलंय. शेवटचं वाक्य म्हणताना गोंधळू नका. ‘गेस हू केम’ यात ‘हू’ हाच कर्ता आहे, म्हणून तिथे क्रम बदलण्यासारखं काही नसतं.

५. ‘गेस’ आणि ‘गेस ॲट’ एकच का?

नाही. ‘शी गेस्ड द प्राइस’ म्हटलं की बहुतेक वेळा तिनं किंमत बरोबर ओळखली असा अर्थ निघतो. ‘शी गेस्ड ॲट द प्राइस’ म्हणजे तिनं अंदाज करून पाहिला, लागला की नाही ते सांगितलेलं नाही. ‘वी कॅन ओन्ली गेस ॲट हिज रीझन्स’ यात त्याची कारणं आपल्याला कळणार नाहीत, नुसते तर्क करायचे, असा सूर आहे. यातले बारकावे प्रश्न १६ मध्ये आहेत.

६. अमेरिकेतली माणसं वाक्यागणिक ‘आय गेस’ म्हणतात. त्यांना इतकी शंका असते का?

शंका असतेच असं नाही. बोलण्यातला ‘आय गेस’ बऱ्याचदा अंदाज सांगतच नाही, वाक्याची धार कमी करतो. आपण वाक्यात ‘बहुतेक’, ‘असेल’, ‘म्हणायचं’, ‘बरं मग’ पेरतो, तेच काम हा करतो. त्याचे निदान तीन सूर ओळखता आले पाहिजेत.

पहिला, खरंच खात्री नाही: ‘आय गेस द बस लेफ्ट’, गाडी गेली असावी.

दुसरा, मनाविरुद्ध होकार: ‘ओके, आय गेस आय विल गो’, बरं, जातो मग. इथे जाण्याबद्दल शंका नाही, उत्साह नाही. ‘आर यू हॅपी विथ द रूम?’ याला ‘आय गेस सो’ असं उत्तर आलं तर ते ‘हो’ नव्हे, ‘ठीक आहे, चालेल’ आहे. पाहुण्याने असं म्हटलं तर खोली त्याच्या मनासारखी नाही हे समजून घ्यावं.

तिसरा, एखादी गोष्ट आत्ताच लक्षात येणं: ‘आय गेस आय वॉज रॉंग’, म्हणजे चुकलंच म्हणायचं माझं.

सूर कुठला हे आवाजावरून कळतं. ‘गेस’वर जोर नसतो, तो भर्रकन जातो, जोर पुढच्या शब्दावर पडतो. आपण मात्र ‘आय’वर आणि ‘गेस’वर सारखाच जोर देऊन म्हणतो, त्यामुळे वाक्य फारच शंकेखोर वाटतं.

हा प्रकार अमेरिकेने काढला असं ब्रिटिश पूर्वी नाक मुरडत सांगत. पण चौदाव्या शतकात इंग्लंडमध्येच चॉसरच्या कवितेत तो याच अर्थाने, वाक्याच्या शेवटी जोडलेला सापडतो. नंतर इंग्लंडमध्ये तो मागे पडला, अटलांटिकपलीकडे टिकला. आजही ब्रिटिश माणूस तिथे ‘आय सपोज’ म्हणेल.

७. शिरवळच्या किंवा कुपवाडच्या कंपनीत मुलाखतीला जाताना ‘आय गेस’ वापरावा का? आणि ईमेलमध्ये?

मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल वापरू नका. ‘कॅन यू रन धिस मशीन?’ याला ‘आय गेस आय कॅन’ म्हटलं की ‘जमेल बहुतेक’ असं पोचतं. येत असेल तर ‘येस, आय हॅव डन इट’, येत नसेल तर ‘नॉट येट, बट आय कॅन लर्न’. एखादा आकडा विचारला आणि तो नक्की माहीत नसेल तर ‘आय वुड एस्टिमेट अबाउट…’ म्हणून आकडा सांगा आणि तो कशावरून काढला तेही एका वाक्यात सांगा.

व्यापारी ईमेलमध्ये नियम आणखी कडक आहे. समजा सांगलीतून हळद किंवा तासगावातून बेदाणा बाहेरदेशी पाठवायचा आहे आणि घेणाऱ्यानं आर्द्रता विचारली. ‘आय गेस द मॉइश्चर इज टेन पर्सेंट’ असं लिहिलं तर तपासणी झालेलीच नाही असा त्याचा समज होईल, मग तुमच्याकडे लॅबचा रिपोर्ट असला तरी. रिपोर्ट असेल तर ‘द मॉइश्चर इज टेन पर्सेंट ॲज पर द लॅब रिपोर्ट’. माल पोचायच्या तारखेबद्दल ‘वी एक्स्पेक्ट’ किंवा ‘द एस्टिमेटेड डेट इज’. ‘गेस’ फक्त एकाच ठिकाणी शोभतो: खरोखरच माहिती नाही आणि तसं प्रामाणिकपणे सांगायचं आहे. तिथे ‘माय बेस्ट गेस इज…, बट आय विल कन्फर्म बाय मंडे’ असं लिहा आणि सोमवारी खरंच कळवा.

कासला पर्यटक घेऊन जाणारेही हाच प्रश्न विचारतात. फुलं नेमकी कोणत्या आठवड्यात भरात असतील हे पाऊस आणि उन्हावर ठरतं. ‘इट विल बी इन फुल ब्लूम’ असं छातीठोक सांगून पाहुणा नाराज होण्यापेक्षा ‘माय बेस्ट गेस इज मिड-सप्टेंबर, बट इट डिपेंड्स ऑन द रेन’ हे खरं आहे आणि ऐकायलाही चांगलं लागतं.

८. गेस, एस्टिमेट, अझ्यूम, प्रिझ्यूम, सपोज: फरक एकदा नीट सांगाल का?

प्रत्येक शब्दामागे पुरावा किती आहे ते बघायचं. सांगलीचंच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सगळं शहर पाहत असतं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट.

पुलावरच्या पट्टीवर दिसतो तो आकडा म्हणजे ‘रीडिंग’. त्यात अंदाज कसलाच नाही. घाटावर उभं राहून, पाण्याचा रंग आणि वेग बघून कुणी म्हणतं, ‘सकाळपर्यंत चाळीसला टेकतंय बघ’, तो ‘गेस’. तोच माणूस वर्षानुवर्षं घाटावर राहत असेल तर ‘एज्युकेटेड गेस’. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सोडला, पाणलोटात किती पाऊस झाला, पाणी इथवर यायला किती तास लागतात, हे मांडून काढलेला आकडा तो ‘एस्टिमेट’. एस्टिमेट चुकूही शकतो, पण तो कसा काढला ते दाखवता येतं. गेसला ते बंधन नाही.

‘यंदा पाणी येणार नाही’ असं धरून दुकानदाराने तळघरातला माल वर नेला नाही, तर त्याने ‘अझ्यूम’ केलं. ‘अझ्यूम’मध्ये आपण अंदाज सांगत नाही, तो खरा मानून पुढचं काम करतो. म्हणूनच तो सगळ्यात महागात पडतो, आणि २०१९ च्या महापुरानंतर हा फरक सांगलीकरांना वेगळा समजावून सांगायची गरज नसावी. ‘प्रिझ्यूम’ही गृहीत धरणंच, पण त्याला काहीतरी आधार असतो. शटर बंद दिसलं, म्हणून ‘आय प्रिझ्यूम दे हॅव मूव्ह्ड द गुड्स’.

‘सपोज’चं वजन ‘गेस’इतकंच, जरा जास्त अदबीचं. फक्त ‘आय सपोज’ आणि ‘आय ॲम सपोज्ड टू’ एक समजू नका. दुसऱ्याचा अर्थ ‘मी ते करणं अपेक्षित आहे’ असा आहे.

गेस आणि एस्टिमेट जोडून केलेला ‘गेस्टिमेट’ हा शब्द १९३० च्या दशकात अमेरिकेत आला. थोडा हिशेब, थोडा तुक्का. बोलण्यात ठीक, अहवालात टाळा.

९. वकिलांच्या कागदात ‘प्रिझ्यूम’ येतो, ‘गेस’ का येत नाही?

न्यायालयात तर्काला किंमत नसते, पण कायद्याने ठरवून दिलेल्या गृहीतकाला असते. आपल्या पुराव्याच्या कायद्यात ‘मे प्रिझ्यूम’ आणि ‘शॅल प्रिझ्यूम’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. पहिल्यात न्यायालय गृहीत धरू शकतं किंवा पुरावा मागू शकतं. दुसऱ्यात उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावंच लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा भेद कायम आहे. तेव्हा जबाबाचं भाषांतर करताना ‘मला वाटलं’ला ‘आय प्रिझ्यूम्ड’ लिहू नका, ‘आय थॉट’ लिहा.

१०. गणितातलं ‘कंजेक्चर’ म्हणजे गेसच ना?

सुरुवात तिथूनच होते, पण मान वेगळा आहे. कंजेक्चर म्हणजे पुष्कळ उदाहरणांत खरं ठरलेलं, तरीही सिद्ध न झालेलं विधान. गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून पुढे आलेलं विधान शाळकरी मुलालाही समजतं: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १० म्हणजे ३ अधिक ७, २८ म्हणजे ५ अधिक २३. आजवर एकही अपवाद सापडला नाही, पण सिद्धताही मिळालेली नाही, म्हणून ते अजून कंजेक्चरच. रामानुजन यांनी १९१६ मध्ये मांडलेलं एक कंजेक्चर १९७४ मध्ये डलीन्य यांनी सिद्ध केलं, तेव्हा ते प्रमेय झालं.

रोजच्या बोलण्यात ‘कंजेक्चर’ वापरू नका, जड वाटतो. बातमीत ‘दॅट इज प्युअर कंजेक्चर’ असं आलं तर अर्थ ‘या निव्वळ वावड्या आहेत’ असा घ्यायचा.

११. नीटला किंवा सीईटीला येत नसलेल्या प्रश्नाला गेस मारावा का?

हे हिशेबाचं काम आहे, धाडसाचं नाही. चार पर्यायांत डोळे झाकून एक निवडला तर बरोबर येण्याची शक्यता चारात एक.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. असे चार तुक्के मारले तर सरासरीने एक लागतो आणि तीन चुकतात: ४ वजा ३, हाती १ गुण. म्हणजे एका तुक्क्यामागे जेमतेम पाव गुण, आणि नशीब फिरलं तर तोटाच. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर तोच आकडा साधारण ०.६७ होतो. दोन पर्याय खोडता आले तर १.५. तेव्हा निदान एक पर्याय कारण देऊन खोडता आला तरच उत्तर द्या. ‘कारण देऊन’ हे महत्त्वाचं, ‘हा बरा दिसत नाही’ हे कारण नव्हे.

यूपीएससी पूर्वपरीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग वजा होतो. तिथे डोळे झाकून मारलेल्या गेसची सरासरी बरोबर शून्य येते. एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचे गुण घालवणं. बाकी परीक्षांत त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून हाच हिशेब कागदावर मांडा.

गडबड होते ती बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत. आधी विचारपूर्वक सोडून दिलेले प्रश्न घाईत भरले जातात. त्यासाठी पहिल्या फेरीतच कच्च्या जागेत खूण करा: दोन किंवा तीन पर्याय उरले तर एक खूण, चारही उरले तर दुसरी. शेवटी पहिल्या खुणेच्याच प्रश्नांकडे परत जा.

१२. ‘गेस पेपर’ हा शब्द इंग्रजीत आहे का?

आपल्याकडे आणि शेजारच्या देशांत आहे. ब्रिटनमध्ये त्याला ‘प्रेडिक्टेड पेपर’ म्हणतात. परदेशी माणसाशी बोलताना ‘गेस पेपर’ म्हटलं तर त्याला अर्थ सांगावा लागेल, एवढंच.

१३. ‘गेस व्हॉट?’ असं कुणी म्हटलं तर खरंच ओळखायचं असतं का?

नाही. ‘ऐक ना, काय झालं माहितीये का?’ हा त्याचा अर्थ. उत्तर फक्त ‘व्हॉट?’ मग समोरचा बातमी सांगतो.

‘युअर गेस इज ॲज गुड ॲज माइन’ म्हणजे मलाही तुमच्याइतकंच माहीत, थोडक्यात काहीच नाही. ‘इट्स एनीबडीज गेस’ म्हणजे कुणालाच सांगता येणार नाही. ‘लेट मी गेस’ बहुधा उत्तर माहीत असतानाच म्हणतात: ‘लेट मी गेस, द बस इज लेट अगेन’. वरिष्ठांशी बोलताना हा टाळा, खोचक लागतो. ‘यू गेस्ड इट’ म्हणजे ‘बरोब्बर ओळखलंत’. ‘ही कीप्स अस गेसिंग’ म्हणजे तो मनातलं कळू देत नाही.

१४. ‘सेकंड-गेस’ म्हणजे दुसऱ्यांदा केलेला अंदाज का?

नाही. अमेरिकेत याचा अर्थ घडून गेल्यावर शहाणपण शिकवणं, ‘तेव्हाच असं करायला हवं होतं’ असं म्हणणं. ब्रिटनमध्ये दुसरा काय करेल ते आधीच ताडणं असाही अर्थ आहे. ‘डोन्ट सेकंड-गेस युअरसेल्फ’ म्हणजे घेतलेल्या निर्णयावर पुन्हा पुन्हा शंका घेऊ नकोस.

१५. ‘आय डोन्ट गेस ही विल कम’ बरोबर आहे का? आणि ‘आय ॲम गेसिंग’?

‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ आणि ‘आय डोन्ट सपोज ही विल कम’ दोन्ही बरोबर, म्हणून ‘गेस’लाही तोच साचा लावला जातो. प्रमाण इंग्रजीत ‘गेस’ला तो चालत नाही. नकार पुढच्या भागात टाका: ‘आय गेस ही वोंट कम’. छोटं उत्तर ‘आय गेस नॉट’.

‘आय ॲम गेसिंग’ बरोबर आहे, आणि ‘आय गेस’पेक्षा जास्त खरा गेस आहे. ‘आय ॲम गेसिंग यू आर फ्रॉम सातारा’ म्हणजे तुमच्या बोलण्यावरून मी तर्क करतोय, चुकत असेन तर सांगा. ‘आय गेस’चे बाकीचे सूर (प्रश्न ६) यात येत नाहीत.

१६. ‘ही गेस्ड’ म्हणजे त्याने बरोबरच ओळखलं असं धरायचं का? कधीकधी उलट अर्थ लागतो.

वाक्यात पुढे काय आहे त्यावर ठरतं. ‘ही गेस्ड द आन्सर’ किंवा ‘ही गेस्ड माय एज’ यात सहसा बरोबर ओळखलं. ‘ही गेस्ड दॅट आय वॉज फॉर्टी’ यात फक्त त्याचं म्हणणं कळतं, मी चाळीसचा असेन किंवा नसेन. ‘ही गेस्ड ॲट’ यात निकाल उघडाच राहतो (प्रश्न ५). ‘ही जस्ट गेस्ड’ म्हणजे माहिती नसताना ठोकून दिलं, मग ते बरोबर आलेलं का असेना. उत्तरपत्रिका तपासताना शिक्षक ‘यू गेस्ड’ म्हणाले तर ती शाबासकी नव्हे.

शंका ठेवायची नसेल तर ‘गेस्ड राइट’ किंवा ‘गेस्ड रॉंग’ म्हणा. ‘गेस्ड करेक्टली’ही चालतं, ‘गेस्ड राइटली’ मात्र क्वचितच ऐकू येतं.